सोळा सेकंदांचा पहिला नंबर

"वेग कामून लिहायलास रे? सेकंद लिही, सेकंद." काका खुर्चीतूनच ओरडत होते. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा भिंतीवरच्या फळ्याकडे. पडद्यावरची त्यांची गाडी तोवर कठड्याला घासून ठिणग्या उडवत होती, पण तिच्याकडे बघतो कोण.

मोशीत पहिल्या मजल्यावर माझं गेमिंगचं दुकान आहे. स्टेअरिंग, पेडल, तीन पडदे आणि गोल ट्रॅकवर गरगर फिरणाऱ्या जाडजूड अमेरिकन गाड्यांची रेस. गिऱ्हाईक बहुतेक ताथवड्याची कॉलेजची पोरं. त्यांत हे एकटे उदगीरचे काका, चाकणच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झालेले. हल्ली ते गावाकडेच असतात, म्हणून दुकानात शांतता आहे. नाहीतर त्यांच्या आवाजानं माझा पंखा उलटा फिरायचा, हे मी शपथेवर सांगतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा लॅप रिव्हर्समध्ये मारला. मान मागं वळवून, माझ्या कपाटाकडे बघत. "समोर उंच माल असला की फोर्कलिफ्ट मागंच चालवायची असती," म्हणाले. समोर माल कुठं होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वळण आलं की हॉर्न द्यायचा, ही गोडाऊनची दुसरी सवय. या गाड्यांना हॉर्नच नसतो. मग काका तोंडानं द्यायचे. खाली रस्त्यावर टेम्पोवाले बाजूला व्हायचे, तुम्ही असता तर तुम्हीही झाला असता.

खरं भांडण मात्र फळ्याशी. प्रत्येकाचा सगळ्यात चांगला लॅप मी तिथं ताशी वेगानं लिहायचो. ताथवड्याचा एक पोरगा कायम वर, तीनशेच्या पुढं. त्याचा ट्रॅक चार किलोमीटरहून लांब, पेडलवरून पाय उचलायची गरजच नाही. काकांचा लाडका ट्रॅक किलोमीटरभरही नव्हता. तिथं एकशे नव्वद गाठताना भल्याभल्यांना घाम फुटतो. पण फळ्याला घाम दिसत नाही, काका तळाला.

"त्याला एका राऊंडला पन्नास सेकंद लागायलेत, मला सोळा. मग फास्ट कोण?"

"काका, तुमचा ट्रॅक लहान आहे."

"ते ट्रॅकला सांग. मी राऊंड पुरा मारतो, अर्धा सोडत न्हाई."

मी फळ्यावर वेगच ठेवला.

एका शनिवारी काका आले ते चक्क हळू आवाजात. "उद्या पाव्हणे यायलेत."

पाव्हणे म्हणजे त्यांचे व्याही, अहमदपूरचे, जन्मभर एसटी चालवलेले. त्यांना काकांनी फोनवर सांगून ठेवलं होतं की मोशीत रेसमध्ये पहिला नंबर आपला. "लेक दिलीय राव त्यांच्या घरात. मी खोटा पडलो तर तिला ऐकावं लागंल."

रविवारी सकाळी मी फळा पुसला आणि वेगाऐवजी सेकंद लिहिले. काका सोळा, एकदम वर. ताथवड्याच्या पोरानं फळा बघून तोंड उघडलं. मी त्याला तासभर फुकट खेळायला दिलं, त्यानं ते मिटलं.

व्याही आले. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. फळ्यासमोर बराच वेळ उभे. ओठ हलत होते, काकांचे सोळा, पोराचे पन्नास. काका रुमालानं स्टेअरिंग पुसत बसले, एवढं की त्याचा रंग उतरला.

"ट्रॅक एकच का हो दोघांचा?" व्याह्यांनी विचारलं.

काकांचा रुमाल थांबला.

"गोलच आहेत," मी म्हणालो.

व्याह्यांनी मान हलवली. "मग मलाबी बसवा. तुमच्याकडचा मोठ्यातला मोठा द्या."

काय सांगू, काटा साठाच्या वर गेला नाही. बाकीच्या गाड्या सूंसूं करत जात होत्या आणि हे प्रत्येकाला खिडकीतून दिल्यासारखा हात देऊन साइड देत होते. टायर-पेट्रोलसाठी थांबायची पिटची लेन दिसली तशी गाडी आत घेतली, थांबवली, उतरणारे उतरले का ते मागं वळून पाहिलं आणि मग निघाले. पाच मिनिटांनी लॅप संपला.

काकांनी माझ्या हातातला मार्कर घेतला आणि व्याह्यांचं नाव स्वतःच्या अक्षरात सगळ्यात खाली लिहिलं. छाती अशी फुगली की मला शटर अजून वर करावं लागलं. "सवयीनं जमतंय, पाव्हणे. मनाला लावून घेऊ नका," म्हणाले आणि रिक्षा थांबवायला खाली धावले.

ताथवड्याच्या पोराला आता राहवेना. चपला घालणाऱ्या व्याह्यांजवळ जाऊन तो म्हणाला, "आजोबा, त्यांचा ट्रॅक तुमच्याहून खूप लहान आहे."

"ठाऊक आहे," चपलेचा पट्टा ओढत व्याही म्हणाले. "म्हणून तर मी मोठा मागितला."