ट्रॉयमधला सोंगाड्या

दौलतकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, पोटाकडे बघत. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा बशीत चहा ओतता ओतता त्यांनी कुठल्याशा पाटलाच्या म्हशीची हकीकत सांगितली. मी हसले, तर हे गृहस्थ टक लावून माझ्या पोटाकडे. मी मुकाट्यानं स्वेटर ओढून घेतला. "गैरसमज नगं ताई," ते म्हणाले, "त्वांड खोटं हसतं. प्वाट न्हाई."

मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणाऱ्या सुरेशचे हे वडील. सुरेश मोटार कंपनीत इंजिनियर. वडील मात्र मिसरूड फुटायच्या आधीच तमाशाच्या फडात शिरून सोंगाड्या झालेले. आधी राजाची फजिती करून लोकांना हसवलं, पुढे फडासाठी वग रचले, मग नाटकं लिहिली, मग सिनेमे. शाळेशी फारसं सख्य नव्हतं, त्यामुळे टेबलाशी बसून लिहिणं त्यांना कधी जमलं नाही. प्रसंग आधी माणसांना करून दाखवायचा. न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, स्टुडिओच्या दारातल्या चहावाल्यापुढे, कुठेही. "जितं हसले ती वळ ठिवायची. जितं कुनी बिडी पेटवली ती खोडायची. माझं लिवनं म्हंजे येवढंच."

काकू गेल्या, सिनेमाची कामं तरुण मंडळींकडे गेली, आणि सुरेशनं त्यांना इकडे आणलं. सुरेश वाईट मुलगा नव्हता, हे मुद्दाम सांगते. पण सकाळी नात शाळेत गेली, तो आणि सून आपापल्या गाड्या घेऊन निघाले, की काका दिवसभर खिडकीशी. रस्त्यावर चालणारं माणूस दिसायचं नाही. "मसनात बी चार मानसं भेटत्यात," ते म्हणायचे. अशात कोल्हापूरच्या एका जुन्या निर्मात्याचा निरोप आला. एक फर्मास विनोदी सिनेमा लिहून पाठव, पसंत पडला तर ये. ऑफिसवरची खोली तुझी, मरेपर्यंत राहा. काका त्या निरोपाला बुडत्यासारखे धरून बसले. "ताई, ह्यो जमला न्हाई तर मी हितंच कुजनार," ते मला म्हणाले. ही थट्टा नव्हती.

आता ऐकायला माणसं हवीत. ती मी जमवली. शनिवारच्या पॉटलकला, आपापला पदार्थ घेऊन, पुण्याची, नागपूरची, गिरगावातली मंडळी आमच्या बेसमेंटमध्ये गालिच्यावर बसायची आणि काका तलाठी, सरपंच, सरपंचाची फटकळ बायको, सगळं एकटे करायचे. ऐंशीनंतरची ती वर्षं. मराठी कानावर पडायचं ते एकमेकांच्याच तोंडून, तेही अर्धं इंग्रजी. लोक गडाबडा लोळायचे. "काका, तलाठ्याचा सीन परत करा ना, प्लीज. काय टायमिंग आहे यार." कुणी बिडी पेटवली नाही, कुणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही. पोटं खरोखर हलत होती, माझंही हलत होतं. काका प्रत्येक ओळ ठेवत गेले. त्या दिवसांत ते दहा वर्षांनी लहान दिसायचे, आणि सिनेमा पोस्टात पडला तेव्हा त्यांनी बॅगही भरायला घेतली.

उत्तर येईना. शेवटी एका रविवारी त्यांनी सुरेशकडून कोल्हापूरला फोन लावून घेतला. मी तिथेच होते. काका बराच वेळ नुसते ऐकत राहिले, मग रिसीव्हर ठेवून म्हणाले, "नटांना बसवून वाचला म्हनं. कुनी बी हसलं न्हाई. दौलत, कुनासाठी लिवलंस ह्ये, असं इचारत हुता." खोलीचा विषय निर्मात्यानं काढलाच नव्हता.

दोन-तीन दिवसांनी ते माझ्याकडे आले. चहाला हात लावला नाही. "खरं सांगा ताई. तलाठ्याच्या परवेशात तुमी का हसला?"

मी जरा आठवून बघितलं. "तो 'चावडीवर या, मग बघतो' म्हणतो ना, तिथे. माझे आजोबा अगदी तसंच म्हणायचे."

"आन् बाकीची?"

"त्यांचंही असंच काहीतरी असेल, काका."

त्यांनी कपबशी बाजूला सारली. "गावाकडं चावडी रोजचीच. तिला कोन हसंल? तुमी हसत नव्हताच वो. तुमास्नी घर आठवत हुतं. जलमभर मानसं वाचली, आन् हितं फसलो."

मग ते सुरेशच्या मागे लागले, मला तसाच पाठव. "बाबा, तिकडे आहे कोण आपलं? आजारी पडलात तर मी इथून काय मॅनेज करणार?" सुरेश म्हणायचा. त्याचंही काही खोटं नव्हतं. काकांनी पॉटलकला यायचं सोडलं. कुणी फारच गळ घातली तर घसा बसलाय म्हणायचे. भरलेली बॅग सुनेनं हळूच रिकामी केली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, आणि इथल्याच दहनगृहात सगळं उरकलं.

पण त्याआधीची एक दुपार माझ्या मनातून जात नाही. मी त्यांना वरणभात द्यायला गेले होते. मीनल, त्यांची नात, शाळेतून आली होती. सात वर्षांची, इथेच जन्मलेली, मराठीचा गंध नाही. काका म्हणाले, "हिला गाव न्हाई, काय आठवायचं बी न्हाई. ही हसली तर खरं." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं सुनेची ओढणी डोक्याला गुंडाळली, ऐटीत चार पावलं टाकली, आणि ते फडात पडायचे तसे धाडकन उताणे पडले.

मीनल हसली नाही. खाली बसून त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आजोबा, आर यू हर्ट?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "लागलं का, असं विचारतेय," मी म्हटलं.

"व्हय म्हनावं," ते म्हणाले. "लई."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती बर्फ आणायला फ्रिजकडे पळाली. मी उठवायला हात पुढे केला, पण काकांनी तो धरला नाही. ती येईपर्यंत ते तसेच गालिच्यावर पडून राहिले.