पेसमेकरचं कूळ

कोणतीही वस्तू घरात आली की काका आधी तिचं कूळ विचारत. मिक्सर आला, तर तो कुणाच्या डोक्यातून निघाला, पहिला कसा बिघडला, कुणी सुधारला, हे कळेपर्यंत चटणी पाट्यावरच. जामबागेतल्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवल्याचा हा परिणाम. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, विद्यानगरला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. घरमालक असे भेटतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकूंचे ठोके फार मंदावले आणि डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितलं. सहीचं पेन खाली ठेवून काकांनी विचारलं, "पहिला कुणाला बसवला होता? त्याचं काय झालं?" डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. ते घाबरले होते.

ऑपरेशन नीट झालं आणि काका माझ्या दारात उभे. "तू इलेक्ट्रॉनिक्स शिकली ना? बैस मग." कॉलेज सुटल्यापासून मी नुसता कोड लिहीत होते, पण नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी काकू पोहे करत आणि आम्ही लेख वाचत बसायचो. सुरुवातीची यंत्रं भिंतीतल्या प्लगला जोडलेली असत, वायर पोचेल तेवढंच पेशंटचं जग. शरीरात बसवलेलं पहिलं तर काही तासांतच बंद पडलं, पण तो माणूस पुढे कित्येक यंत्रं बदलत म्हातारा झाला. हे वाचलं त्या दिवशी काकांनी कोपऱ्यावरून जिलबी आणली.

"माझ्यापेक्षा त्या डबीचीच चौकशी जास्त," काकू म्हणायच्या. "सवत आणून बसवलीये छातीत."

काकांना सगळ्यात आवडली ती डबीची चालण्याची रीत. ती आधी ऐकते. हृदय आपलं आपण चाललं तर गप्प बसते, थांबलं तरच विजेचा बारीकसा टोचा देते. "किती अदब आहे बघ मशीनला," ते म्हणाले. "आता मी परेशान नाही. समजलेली वस्तू दगा देत नाही."

तिनं दगा दिलाच नाही. यंदा काकूंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं हाताबाहेर गेलं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन "गेल्या" म्हणाले. आम्ही आत गेलो. त्यांची मुलगी मंजू मॉनिटरच्या पडद्याकडे बघतच राहिली. सपाट रेषेवर बारीक उभ्या काड्या येत होत्या, एकीमागून एक, अगदी नियमित. तिनं डॉक्टरांची बाही धरली. "अजून चालू आहे. बघा ना, चालू आहे."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात काकांनी तिचा हात हळूच सोडवला.

"बेटा, ती डबी हाक मारतेय," ते म्हणाले. "आई ओ देत नाहीये."

मी रडले ती तिथे. मंजूला निदान तेवढा वेळ आशा तरी धरता आली. काकांनी पडद्याकडे एकदा पाहिलं होतं, आणि त्यांना तेवढीही मिळाली नाही.