फराळाच्या तेलावरची बस

दिवाळी झाली की आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत मला भाव येतो. एरवी ‘एवढं शिकून हिनं हा तेलकट धंदा काढला’ म्हणणाऱ्या काकूसुद्धा तळणीचं उरलेलं तेल डब्यात भरून दारात आणून देतात. ते गाळायचं, त्यातलं पाणी उकळून काढायचं, कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मेथॅनॉल घालून ढवळायचं, खाली ग्लिसरीन बसलं की वरचं बायोडिझेल धुऊन घ्यायचं. हे सगळं मी वाघोलीला, दादाच्या घरामागच्या शेडमध्ये करते. थंडीत गोठू नये म्हणून शेवटी एक रसायनही घालते.

दादाची स्वतःची स्कूलबस आहे. माझं पहिलं गिऱ्हाईक तोच. डिझेलमध्ये थोडंच मिसळ, असं मी बजावलं होतं. पण त्यानं टाकी नुसत्या माझ्याच मालानं भरली. “घरचं दूध आहे, त्यात पाणी कशाला घालू?” म्हणाला. मला केवढं बरं वाटलं होतं!

डिसेंबरात एकाएकी कडाका पडला. सकाळी गॅलरीत गेले, तर तिथे ठेवलेली त्याच मालाच्या नमुन्याची बाटली पांढरी झाली होती. उलटी केली तरी आतलं हलेना. शेजारच्या काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना विचारलं, “काकू, तुम्ही दिलेलं तेल कसलं होतं हो?”

“अगं, शंकरपाळे आम्ही वनस्पती तुपात तळतो ना, तेही ओतलं त्यात. म्हटलं, तुझ्या उपयोगी पडेल.”

उपयोगी! वनस्पती तुपाचं इंधन थंडीत थिजतं आणि माझं रसायन त्याला पुरं पडत नाही, हे मला पाठ होतं. फराळ कशात तळतात, हे मात्र विचारावंसं वाटलं नव्हतं.

दादाला फोन लावला. उचलेना. गाडी चालवताना तो फोन घेत नाही, याचं मला कोण कौतुक. त्या सकाळी त्या शिस्तीचा नुसता संताप आला. नगर रस्त्यावर मधेच बस बंद पडली तर? मागून डंपर आला तर? स्कूटर काढली. पुढे कुठे वाहतूक तुंबलेली दिसली, की वाटायचं, तिथेच बस अडकली असेल.

वाघोलीच्या अलीकडे बस दिसली. रस्त्याच्या अगदी कडेला, मागे झाडाची फांदी खोचलेली. पोरं दप्तरांसकट फुटपाथवर दंगा करत होती. मला रडूच फुटलं. दादा टपरीवरून आणलेलं गरम पाणी इंधनाच्या थिजलेल्या फिल्टरवर ओतत होता आणि एक पालक त्याच्यासमोर तणतणत होते.

“पंपावर डिझेल भेसळीचं मिळालं, साहेब,” दादा माझ्याकडे न बघता म्हणाला.

“या भेसळवाल्यांना भर चौकात फटकावलं पाहिजे. पोरांच्या जिवाशी खेळतात!” ते माझ्याकडे वळून म्हणाले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

दुपारी दादानं माझ्यासमोर टाकी रिकामी केली. मी त्याला समजावत राहिले. यापुढे तूप वेगळं ठेवीन, थंडीत कमी मिसळू, आधी नमुना फ्रीजमध्ये ठेवून बघेन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चिडला असता तर मी भांडले तरी असते.

“तुझं बरोबर असेल गं,” नळी गुंडाळत तो म्हणाला. “शेड तुझीच आहे, हवं ते कर. पण माझ्या गाडीत आता नको. तिच्यात लोकांची पोरं बसतात.”