साडेआठ सूर्यभान

पेडगावच्या आश्रुबा सुताराची एक खोड होती. बैलगाडीला चाक चढवलं की ते हातानं फिरवायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. जरा खटका लागला की चाक खाली! गिऱ्हाईक बोंबलो नाहीतर मरो. 'आश्रुबाला गाडी सांगावी आन पुढच्या पेरणीची वाट बघावी,' असं गाव म्हणायचं, आणि गाडी त्याच्याकडंच करायला टाकायचं.

एके दिवशी त्याच्या पडवीत केशरबाई काठी टेकत आली. बौद्ध वस्तीतली विधवा, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. नामांतराचे दिवस ते. लोकांनी एकमेकांच्या ओट्यावर बसणंसुद्धा कमी केलेलं. आश्रुबानं उठून घोंगडी टाकली.

केशरबाईनं पदरातून दोन फोटो काढले. तिचा एकुलता एक लेक सूर्यभान हवाईदलात होता. तळाच्या दारात शोभेला ठेवलेल्या जुन्या लढाऊ विमानाशेजारी तो ताठ उभा होता. एक फोटो बाजूनं, एक समोरून.

"आश्रुबाभाऊ, इमान कसं असतंय म्हणून समद्यांला इचारलं. कुणी म्हणतंय घारीवानी, कुणी म्हणतंय एस्टीला पंख. लेक लिहितोय, माय, माझं काम बारीक हाय, चाकाचं. त्यो बुद्धपौर्णिमेला यायलाय. त्याच्याआधी माझ्या हाताला कळंल असं इमान करून द्या. खोटं नगं. हाय तसं."

हाय तसं! ज्यानं विमान कधी आभाळातसुद्धा धड पाहिलं नव्हतं, त्याला हे सांगणं म्हणजे कमालच. पण आश्रुबानं फोटो हातात घेतला आणि माणूस खुळावलाच. दाभणासारखं नाक, त्या नाकाच्या टोकाला वारा गिळणारं तोंड, तोंडापुढं एक बारीक नळी, तिकोनी पंख. 'कुणी केलं असंल रं हे!' असं दिवसभर पुटपुटत राहिला.

मापाचं काय? आश्रुबा केशरबाईच्या घरी गेला. दाराच्या चौकटीवर सूर्यभानच्या उंचीची खूण होती, पाच फूट सात इंच. फोटोतला सूर्यभान परकारात धरला आणि तो परकार विमानाच्या अंगावरून, पुढची नळी सोडून, नाकापासून शेपटीपर्यंत चालवत नेला. विमान साडेआठ सूर्यभान भरलं! फुटाला अर्धा इंच धरून त्यानं शिवणीचं लाकूड तासायला घेतलं. शेजारी तेवढ्याच मापाचा लाकडी सूर्यभानही केला. तीन महिन्यांत विमान तयार झालं, दोन फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी.

केशरबाईनं आधी लाकडी लेक चाचपला. तिची बोटं त्याच्या पायाशी थांबली.

"ह्याच्या पायात काय हाय?"

"काय न्हाई."

"आन फोटूत? चौकटीवरची खूण उघड्या पायाची हाय, भाऊ. बूट घालून आला की कपाळ आपटतंय त्याचं."

आश्रुबानं फोटो पाहिला. जाड टाचेचे बूट! चांगला इंचभर फरक. म्हणजे फोटोतला सूर्यभान पाच फूट आठ इंच, आणि साडेआठ पटीनं अख्खं विमान तीन सूत आखूड.

"ऱ्हाऊ द्या की," केशरबाईच म्हणाली. "तीन सूत मला कुठं दिसतंय?"

"दिसत न्हाई म्हणून खोटं द्यू का?" आश्रुबा खवळला. डोळस माणसाला जे दिसलं नाही ते या बाईच्या बोटांनी पकडलं, याचाच त्याला जास्त राग आला आणि खरं सांगायचं तर धाकही वाटला. पौर्णिमेला वीस दिवस होते. गाड्यांची कामं बाजूला सारून त्यानं नवं लाकूड घेतलं.

पौर्णिमेच्या सकाळी सूर्यभान आला, बुटासकट. घरच्या ओट्यावर माय, आश्रुबा आणि त्यांच्यापुढं विमान पाहून तिथंच थबकला. मग आश्रुबाचा टेप मागून त्यानं ते मोजलं. दोन फूट, वर एक सूत.

"खरं विमान नाकाची नळी सोडून अठ्ठेचाळीस फूट तीन इंच," तो हळूच म्हणाला. "फुटाला अर्धा इंच... काका, सुताचाबी फरक न्हाई! कुठं बघितलंत तुमी विमान?"

"तुज्यातच बघितलं की. साडेआठ येळा."

केशरबाईची बोटं नाकावरून निघाली, पंखांवरून पोटाखाली गेली आणि चाकांपाशी थांबली. चाकं केवढी, तर रुपयाच्या नाण्याएवढी. तिनं एक फिरवून पाहिलं. पुन्हा वर पंखांवर हात फिरवला, पुन्हा खाली आणला.

"सूर्यभान, एवढं समदं ह्या एवढ्याशा चाकांवर उतरतंय?"

"व्हय माय."

"मदी माणूस बसलेला असतोय?"

"असतोय."

"कुणाचंतरी लेकरूच ते. आन ह्याला तू बारीक काम म्हणतूस व्हय रं?"

पाच वर्षं सूर्यभान त्या चाकांपाशी वाकत होता, आणि एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. तो आईच्या पायाशी बसला. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही.

आईचं बोट चाक फिरवतच होतं. आश्रुबा डोळे मिटून ऐकत उभा होता. कुठं खटका नव्हता.