बैलाच्या पायाचं प्रात्यक्षिक

कच्चं मांस पाहिलं की मला अजून मळमळतं. शिजवून वाढलं तर खातो, तक्रार नाही. पण तो ओला, गोडसर वास नाकात शिरला की हैदराबादच्या गौलीगुड्यातलं आमचं मागचं अंगण आठवतं.

हैदराबाद राज्य मोडत होतं तेव्हाची गोष्ट. मराठवाडा मुंबईकडे, शहर आंध्रात, आणि सरकारी नोकरांची इकडचे-तिकडचे अशी वाटणी चाललेली. वडील एका कचेरीत शिपाई होते. मराठी बोलतात म्हणून त्यांचं नाव मराठवाड्याच्या यादीत पडलं. त्यांना जायचं नव्हतं. तिकडे गावात कुणाचंही ढोर मेलं की ते ओढून सोलायचा सांगावा आमच्या घरी यायचा. पोरवयातच वडील ‘पुन्हा हात लावणार नाही’ म्हणून गाव सोडून शहरात आले होते. खाकी घालून गेलो तरी पहिला सांगावा आपल्यालाच, असं ते म्हणत. इथेच राहायची एक वाट होती: मुलगा शिकतो आहे असं कॉलेजचं पत्र. ते द्यायचं होतं आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी.

सर मराठीच. ‘देतो, देतो’ म्हणत त्यांनी मला तीन आठवडे झुलवलं. मग एका सोमवारी टिशूंचा पाठ काढला आणि प्रात्यक्षिकासाठी बैलाची तंगडी, पोटाचा तुकडा आणि हृदय कोण आणेल असं विचारलं. सगळी मुलं वह्यांत तोंड खुपसून बसली. सर सरळ माझ्याकडे पाहत म्हणाले, “तू आण. साफ करून, एकेक भाग सुटा करून. पत्राचं त्याच दिवशी बघू.”

मीच का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गंमत अशी की मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शहरात जन्मलो, वाढलो. कधी कोंबडीसुद्धा कापली नव्हती.

“पूरी टांग? शादी है क्या मियाँ?” खाटकानं विचारलं.

“पढ़ने कू ले जारा,” मी म्हणालो. तो पोट धरून हसला.

पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून कोठी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांवरून घरी आलो. मागे तीन कुत्री, आणि पोत्यातून ठिबकणारं लालसर पाणी माझ्या पोटरीवर. माय पोतं पाहताच नाकाला पदर लावून शेजारी निघून गेली. नळापाशी बसून मी चाकू घातला आणि दहा मिनिटांत मांडीकडच्या भागाचा लगदा केला. दोनदा ओकलो.

वडील कचेरीतून आले आणि लांब पायरीवर बसले, हात काखेत दाबून.

“कापू नको. अंगठ्यानं लोट. मासावर पातळ पापुद्रा हाय बघ, तेवढा फाड.”

असं ते नुसतं तोंडानं सांगत गेले. पायाचं मास उभ्या धाग्यांचं, ओढलं की धागा धागा निघतो. पोटाचं बुळबुळीत, त्यात तसा धागा सापडत नाही. हृदयाचे धागे एकमेकांत गुंतलेले, ओढले तर तुटतात. सांध्यावरचं गुळगुळीत पांढरं ते मऊ हाड, त्याची चकती निघते. रेखित स्नायू, अरेखित स्नायू, कूर्चा, संयोजी ऊतक ही नावं मी पुढे पुस्तकांत वाचली. परीक्षेत एकही चुकलं नाही.

मांसाला हाडाशी बांधणारी टाचेवरची कंडरा मात्र मला सुटेना. जाड, पांढरी, भिजल्या दोरीसारखी. चाकू घसरला आणि ती अर्धी चिरली.

“अजून चिरलीस तर गेली,” म्हणत वडील उठले आणि त्यांनी माझ्या हातातला चाकू घेतला.

“बा, राहू द्या,” मी म्हणालो. मग उगाच जोडलं, “हे कापलेल्याचं आहे, मेलेल्या ढोराचं नाही.”

“वास एकच असतो लेका.”

ते उकिडवे बसले. हात भराभर चालू लागले, जणू हे काम कधी सुटलंच नव्हतं. मला त्या हातांची किळस आली. माझ्या बापाच्या हातांची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कंडरा अख्खी निघाली. मग राखेनं हात घासत ते मोरीत इतका वेळ बसले की शेवटी मायनं येऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नाकाला रुमाल लावून ट्रे पाहिला, ‘वा’ म्हणाले आणि पत्र दिलं. मुलांनी माझ्यापासून हातभर लांब बसून माझ्याच तुकड्यांची चित्रं काढली. पत्र इंग्रजीत होतं. मी ते व्हरांड्यात वाचलं. विद्यार्थी नियमित आहे, वर्तन चांगलं आहे आणि पिढीजात सवयीमुळे जनावरांच्या शरीराच्या कामात तो विशेष तरबेज आहे.

फाडून सरांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. फाडलं असतं तर वडील मराठवाड्यात. मी मुकाट्यानं घडी घातली. स्वतःचीच शिसारी आली.

“काय लिवलंय?” घरी वडिलांनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“मुलगा हुशार आहे, असं लिहिलंय.”

त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा तेवढंच वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुतलेला सदरा घालून ते मला सोबत घेऊन कचेरीत गेले आणि साहेबांपुढे ते पत्र दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. साहेबांनी ते घेऊन शेवटपर्यंत वाचलं. “ठीक है, यहींच रहो,” म्हणाले. मग वडिलांच्या हातांकडे एकदा पाहिलं, कागद टेबलावर टाकला आणि रुमालानं बोटं पुसली.

वडील माझ्याकडे वळून हसले.