झोपेचा अर्ज

चोपड्यात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु अक्षर आणि भाषा या दोन बाबतींत तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस मिळणे कठीण, हे मी नम्रपणे नमूद करतो. पदवी घेतलेली मुलेही अखेर माझ्याच चटईवर येऊन बसतात. छापील नमुन्यात जीव नसतो. तो मी घालतो.

शेतकऱ्याच्या अर्जात एक वाक्य मी वर्षानुवर्षे घालत आलो होतो : 'अर्जदार रात्रंदिवस कष्ट करून कुटुंबाचा उदरनिर्वाह करतो.' ते वाचून दाखविताना माझा आवाज आपोआप खाली येई आणि समोरचा माणूस मान डोलावी. त्या वाक्यात काही गैर असेल, असे मला चैत्रातल्या एका दुपारपर्यंत वाटले नव्हते.

त्या दुपारी निंबाचा मोहोर गळत होता. उन्हाने सातपुड्याची रेघ इतकी फिकट झाली होती की डोंगर आहे की नुसता भास, हे सांगता येऊ नये. अशा वेळी एक केळी बागायतदार आणि त्यांची पत्नी माझ्याकडे आली. गावात त्यांना सारे नाना म्हणत. मीही तसेच म्हणू लागलो, आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. गोष्ट साधी होती. शेतीच्या पंपांना एक आठवडा दिवसा वीज मिळे, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात नाना दर दोन तासांनी उठून ठिबक सिंचनाचे कॉक बदलत आणि उजाडल्यावर मजुरांबरोबर बागेत उभे राहत. जेवणाला वेळ नव्हती. उपाशी पोटी चहा आणि तंबाखू यांवर दिवस निघे. आठ दिवसांपूर्वी मोटारसायकलवरच त्यांचा डोळा लागला आणि ते गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत गेले. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले होते, की सात तास झोप आणि वेळेवर भाकरी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी नुसता गुडघा जाणार नाही. म्हणून दिवसा वीज मिळावी, असा अर्ज वहिनींना हवा होता.

"झोपनं नाव लिखू नका, भाऊ," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "केळी सुकी ऱ्हायनी, अशे लिखा. लोके हसतीन."

मलाही ते पटले. कागदावर पिकाचे वजन माणसापेक्षा अधिक पडते, असा माझा अनुभव होता. मी पिकाच्या नुकसानीवर दोन भरदार परिच्छेद लिहिले आणि माझे आवडते वाक्य मधोमध बसविले.

मजकूर वाचून दाखविल्याखेरीज मी कोणाची सही घेत नाही. मी वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदाशी आलो आणि पाहतो तो नाना खोडाला टेकून झोपी गेलेले. बावीस वर्षांत माझ्या वाचनाला कोणी झोपले नव्हते. मी क्षणभर दुखावलो. पण ती झोप पाहताना राग टिकेना. तोंड किंचित उघडे, तळहात मांडीवर उताणे, जणू काही धरून ठेवण्याचे काम नुकतेच संपले होते. मोहोराची फुले त्यांच्या खांद्यावर, टोपीवर, मिशीवर पडत होती. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज लांब जाऊन गुणगुण झाला. माझ्याही पापण्या जड झाल्या. अक्षरे शेताच्या सरीतल्या पाण्यासारखी कागदावरून सावकाश वाहू लागली आणि त्यांच्या काठाने केळीची रुंद पाने हलत असल्याचे मला खरोखर दिसले.

"वाचा भाऊ, मी ऐकस," वहिनी म्हणाल्या.

मी दचकून पुढे वाचले. 'रात्रंदिवस कष्ट करून' येताच त्यांनी हात वर केला.

"थांबा. हाई काढा."

"का? अर्जाची शोभाच ती आहे."

"तेच ते दुखनं शे, भाऊ. तुम्ही त्याले दागिना करीसन घाली ऱ्हायनात."

मी नवा कागद घेतला आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान अर्ज लिहिला : 'अर्जदारास रात्री झोप मिळत नाही. माणसाच्या शरीरास विश्रांती आवश्यक आहे. सबब दिवसा वीज मिळावी.'

नाना जागे झाल्यावर तो वाचून दाखविला. त्यांचा चेहरा पडला. "हाईवर मनी सही नही. मी काय म्हातारा व्हयनू का?"

बागेला बाग लागून असलेले त्यांचे शेजारी तेथेच मुलीच्या दाखल्यासाठी बसले होते. ते म्हणाले, "नाना, झोप पाहिजे ते सासरवाडीले जा ना. तथं खाट बी भेटी, जेवन बी भेटी!"

चटईवरचे सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "हसा, भाऊ. तुम्ही काल सलूनमा अर्धी दाढी व्हयनी अन् खुर्चीमाच झोपी गयात, ते बठ्ठा गावले माहीत शे."

शेजाऱ्यांचा हात नकळत गालाकडे गेला. थोड्या वेळाने ते माझ्याकडे सरकले आणि म्हणाले, "या अर्जवर मनी बी सही चाली का?"

चालेल, असे मी सांगितले. पण अर्जाचे उत्तर काही त्याच दिवशी येत नसते, आणि तो आठवडा रात्रीच्या विजेचा होता. शेजाऱ्यांनी मार्ग सुचविला : एका रात्री त्यांनी दोन्ही बागांचे कॉक बदलावेत, दुसऱ्या रात्री नानांनी.

"मना बागमा दुसराना हात नही," नाना म्हणाले. आमच्याकडचा बागायतदार घरची तिजोरी एक वेळ दुसऱ्यावर सोपवील, पण पाण्याची पाळी नाही. वडिलांनीही ती कोणाला दिली नव्हती, हे नानांनी दोनदा सांगितले.

"मना हात काय कडू शे, नाना? केळी तोंड वाकडं करी का?"

वहिनी नुसत्या नानांकडे पाहत राहिल्या. अखेर नानांनी करदोड्याला बांधलेली पंपाच्या पेटीची किल्ली चाचपली. गाठ घामाने इतकी घट्ट बसली होती की ती सोडविण्यास वहिनींना दात लावावे लागले. किल्ली शेजाऱ्यांच्या हातावर ठेवली, तरी नानांची बोटे तिच्यावरून लगेच उठली नाहीत.

"तिसरा कॉक जरा घट्ट शे," ते म्हणाले. "हळू फिरावा."

मग त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल करण्यास नाना येणार होते. दहा वाजले, अकरा वाजले. अखेर मी स्वतःच वीज कार्यालयात जाऊन रांगेत उभा राहिलो. वास्तविक माझ्यासारख्याने रांगेत उभे राहण्याचा प्रघात नाही. उभ्याउभ्या मी फोन लावला. तो वहिनींनी उचलला.

"अजून उठनात नही, भाऊ," त्या कुजबुजल्या. "सूर्य डोकावर उना. माले भ्या वाटनं, नाकजोडे हात धरीसन दखा. मस्त घोरी ऱ्हायनात."

अर्ज मी दाखल करतो, त्यांना उठवू नका, असे मी सांगितले.

"मी कसाले उठाडू?" त्या म्हणाल्या. "भाकरी झाकी ठेवेल शे."