छत्तीस वर्षांचं मूल

माझी एक वाईट खोड आहे. भक्तीचा मजकूर आला की तो पुरता वाचण्याआधीच माझा अंगठा हात जोडून मोकळा होतो. तासगावच्या आमच्या उपासना मंडळाचं वार्षिक पुस्तक काढायचं काम माझ्याकडे असतं. यंदा मी सगळ्यांना कळवलं होतं, की लहानपणी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात आलेले अनुभव लिहून पाठवा. बहुतेकांनी शिबिराच्या गुरुजींबद्दल, म्हणजे अण्णांबद्दल लिहिलं. अण्णा आता ऐंशीला टेकलेत आणि यंदा त्यांचा सत्कार ठरला होता. अशातच पाटणहून एक लांबलचक मजकूर आला. पहिली ओळ होती, 'मी अकरा वर्षांचा असताना अण्णांच्या खोलीत झोपायला असे.' मी लगेच उत्तर ठोकलं, 'भाग्यवान आहात! गुरुकृपा!' आणि पुढे चार जोडलेले हात.

दुपारी चहा घेताना उरलेलं वाचलं. कपातल्या चहावर साय धरली तरी तो हातातच होता. त्या मजकुरात काय होतं ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. अण्णांनी त्या मुलावर जो अत्याचार केला त्याला कृपा म्हणणारा जगात मी एकटाच निघालो, एवढं पुरे. शेवटची ओळ होती, 'शिबिरात अजून पोरं येतात. तेवढं बघा.' शिबिर आठ दिवसांवर आलं होतं.

बायकोला वाचायला दिलं. तिनं वाचून मोबाईल पालथा ठेवला. मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "गड्या, पंचवीस वर्षं झाली त्याला. म्हातारं माणूस हाय, आज हाय उद्या न्हाई. तू देवाचं काम करतोस का पोलिसाचं?" सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस मला ते पटलंसुद्धा. पटलेल्या माणसाला झोप लागायला हवी ना? मला ती लागेना. जपाला बसलो तर मणी पुढे सरकेना. अंगणातून एखादं पोर ओरडत गेलं तरी छातीत धस्स व्हायचं.

तिसऱ्या दिवशी पाटणची गाडी धरली. घरी सांगितलं की माफी मागायला चाललोय. खरं म्हणजे, 'हे आणखी कुणाला पाठवू नका' अशी विनवणीही मनात घोळवून ठेवली होती. पाटणला उतरलो आणि पाय हलेनात. स्टँडपासून थोड्या अंतरावर देवीचं लहानसं देऊळ दिसलं, तिथे शिरलो. आत गुरवाच्या घरची एक म्हातारी बाई दिवे घासत बसली होती. मी कौल लावायचं ठरवलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होकार. माझी हुशारी पाहा, मी मनात प्रश्नच असा धरला की 'गप्प राहू का?' म्हणजे देवीनं हो म्हटलं की मी सुटलो.

दोन्ही फुलं तशीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"कुणासाठी लावलाय कौल?" म्हातारीनं विचारलं.

"एका मुलासाठी."

"केवढं हाय पोर?"

हिशेब करून मी म्हणालो, "आता छत्तीस."

ती दिवा घासायची थांबली. "आवं, मग त्येलाच इचारा की! त्येला बोलता येतंय न्हवं? देवीला मधी कशाला घालताय?"

आणि तिनं सरळ उठून दोन्ही फुलं काढली आणि निर्माल्यात टाकली.

चमत्कार म्हणावा असं यात काही नाही. ती बाई आजही तिथे दिवे घासत असेल. पण माझे पाय तेव्हा हलले, एवढं खरं.

मजकूर पाठवणारे, लष्करातून निवृत्त झालेले ते गृहस्थ, त्यांना मी इथे हवालदार म्हणतो, सासुरवाडीच्या गावात शेती करतात. मी माफी मागितली. त्यांनी शांतपणे पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमी मला वळखलं न्हाई. तवा कवठे महांकाळास्नं आई मला घिऊन मंडळात आली हुती. अजून तिथंच असती ती. दाराशी तुमीच हुता. तिनं सगळं सांगितलं, तर तुमी म्हणाला, पोरं सपनात भितात. आन् तिच्या वटीत परसादाचा नारळ घातलासा."

आठवत नाही, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण आठवलं. बाई नारळ घेऊन पायऱ्या उतरताना पोर मागे वळून माझ्याकडे बघत होतं, तेही आठवलं. मनात घोळवलेली विनवणी मनातच राहिली. मी एवढंच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"माज्यासंगं ठाण्यात चला. आईला काय म्हणाला हुता, ते तुमच्या तोंडानं सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांचा जबाब झाला, मग माझा. माझ्या जबाबात अण्णा होते, तसा मीही होतो. शिबिर थांबलं, सत्कारही राहिला. अध्यक्षांनी मला मंडळातून काढलं. चौकशी चालू आहे, पुढे काय होईल ठाऊक नाही.

इतकी वर्षं मी रोज 'शरण आलो' म्हणत होतो आणि सगळा भार देवावर टाकून निवांत जेवत होतो. त्या म्हातारीच्या तोंडून देवीनं माझा भार माझ्या डोक्यावर परत ठेवला. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. शरण जायचं म्हणजे बोलावणं येईल तिथे जाऊन उभं राहायचं, एवढंच मला आता कळतं. तेही थरथरतच.

ठाण्यातून घरी येऊन बायकोला सारं सांगितलं, नारळासकट. ती म्हणाली, "पोलिसांना सांगितलंत ते बरं केलंत. नारळ घेऊन परत गेली, त्या माउलीला कुठं सांगितलंय अजून? उद्या सकाळची कवठे महांकाळची गाडी बघा. मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर तिथे जाऊन रडत बसाल, आणि त्या माउलीलाच उठून तुम्हाला पाणी द्यावं लागेल."